पडत्या बाजारातला ‘धीर’ कोणाच्या कामी येतो?

शेअरबाजार पडू लागला की आपल्याकडे दोन प्रकारचे उपदेशक हमखास पुढे सरसावतात. पहिला उपदेशक वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर भेटतो. घाबरू नका, धीर धरा, मासिक हप्ता चालू ठेवा, पडझड ही स्वस्तात खरेदी करण्याची संधी आहे, एवढे चार मंत्र त्याला पाठ असतात. दुसरा उपदेशक आपल्या घरातला आहे. तो आपल्याच शाखांतून, अभ्यासवर्गांतून बोलतो. जुगाराच्या अड्ड्यावर गेलात, आता भोगा आपल्या कर्माची फळे, असा त्याचा सूर असतो. पहिला गोड बोलतो आणि दुसरा कडू. पण दोघांचेही गृहीत एकच आहे. सामान्य माणूस बाजारात स्वतःच्या निवडीने गेला आहे आणि त्याचे बरेवाईट त्याने कोणता समभाग, कोणता फंड निवडला यावर अवलंबून आहे, असे दोघेही मानतात. माझा वाद या गृहीताशी आहे. पहिल्याशी तर तो आहेच. परंतु या पानावर लिहीत असल्यामुळे दुसऱ्याशी अधिक आहे.

आधी हा सामान्य गुंतवणूकदार कोण, ते पाहू. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती. डिसेंबर २०२४ पर्यंत त्यांची संख्या अठरा कोटींच्या पुढे गेली. नोंदणीकृत गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिल्या क्रमांकावर होता. इतकी माणसे एकाएकी लोभी झाली, असे म्हणणे हे समाजशास्त्र नव्हे, शिवीगाळ आहे. यांत एसटीचे वाहक आहेत, अंशदायी निवृत्तिवेतनाखाली आलेले शिक्षक आहेत, औद्योगिक वसाहतींत कंत्राटावर राबणारी मुले आहेत, आणि पक्षाचे सभासदही आहेत. ते आपल्यासमोर कबूल करीत नाहीत, एवढेच.

यांतला एक वर्ग वायदेबाजारात सट्टा खेळतो, हे मला मान्य आहे. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ‘फ्युचर्स अँड ऑप्शन्स’मध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित निव्वळ तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर पोहोचला. या जुगाराबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तो सरकारमान्य बाजाराच्या छताखाली चालतो, म्हणून तर तो अधिक निंद्य आहे. परंतु महिन्याला दोन-पाच हजार रुपये म्युच्युअल फंडात भरणारा माणूस त्या पंक्तीत बसत नाही. प्रस्तुत विवेचन त्याच्याविषयी आहे.

ऑक्टोबर २०२४ हा महिना नमुना म्हणून घेऊ. सप्टेंबरअखेर सेन्सेक्स ८५ हजारांच्या वर, इतिहासातील तोवरच्या सर्वोच्च पातळीला होता. तेथून घसरण सुरू झाली आणि निफ्टी सलग पाच महिने उतरत राहिला. अशी सलग मासिक घसरण १९९६ नंतर झाली नव्हती. मार्च २०२५ च्या आरंभी सेन्सेक्स ७३ हजारांपर्यंत खाली आला. या घसरणीच्या पहिल्याच महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, परकीय गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे ९४ हजार कोटी रुपयांचे समभाग निव्वळ विकले. एका महिन्यातील एवढी विक्री तोवर कधीच झाली नव्हती. आता अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही पडावा असा प्रश्न आहे: एवढे समभाग विकले गेले, तर ते घेतले कोणी? विक्रेता जेवढे विकतो, तेवढेच कोणीतरी विकत घेतलेले असते. त्या महिन्यात देशी संस्थांनी एक लाख कोटींहून अधिक रुपयांची खरेदी केली. आणि त्याच महिन्यात म्युच्युअल फंडांत मासिक हप्त्यांनी, म्हणजे ज्याला ‘एसआयपी’ म्हणतात त्या मार्गाने, जमा होणारी रक्कम प्रथमच २५ हजार कोटींच्या वर गेली.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की ‘धीर धरा’ या मंत्राचा अर्थ उलगडतो. शिखरावरून उतरू पाहणाऱ्या बड्या भांडवलाला खाली कोणीतरी चादर धरून उभे असावे लागते. ती धरणाऱ्यांचे हात महिनाअखेरच्या पगारातून भरलेले असतात. हप्तेवाल्याने धीर सोडला असता तर परकीय संस्थांना याहून पुष्कळ कमी भावात विकावे लागले असते. म्हणजे त्याच्या धीराचा पहिला लाभधारक तो स्वतः नव्हे. त्याला लाभ झालाच तर पुढे कधीतरी होईल. विकणाऱ्याला तो त्याच दिवशी रोख मिळाला. यात कोणाचा कट आहे, असे मला सुचवावयाचे नाही. बाजाराची रचनाच अशी आहे. पण ती हप्तेवाल्याला कोणी समजावून सांगत नाही.

त्याच ऑक्टोबरमधील आणखी एक घटना मला फार बोलकी वाटते. ह्युंदाईच्या भारतीय कंपनीची समभागविक्री त्या महिन्यात झाली. ती सुमारे २७,८७० कोटी रुपयांची, तोवरची देशातील सर्वांत मोठी प्राथमिक विक्री होती. या रकमेतील एक रुपयाही भारतातील कारखान्यात गेला नाही. तशी योजनाच नव्हती. दक्षिण कोरियातील मूळ कंपनीने आपल्याकडील साडेसतरा टक्के हिस्सा विकला आणि सारे पैसे तिच्याकडे गेले. नवे भांडवल उभारून रोजगार वाढविणे, हे शेअरबाजाराचे जे समर्थन पाठ्यपुस्तकांत देतात, त्याचा येथे मागमूसही नव्हता. आणि गंमत अशी की सामान्य गुंतवणूकदाराने या प्रसंगी शहाणपण दाखविले होते. किरकोळ गुंतवणूकदारांसाठी राखून ठेवलेला हिस्सा जेमतेम निम्मा भरला. संस्थांसाठी राखलेल्या हिश्श्याला मात्र जवळजवळ सातपट मागणी आली. अगोदर समभाग मिळणाऱ्या ‘अँकर’ गुंतवणूकदारांत देशी म्युच्युअल फंड होतेच. विक्रीची किंमत १,९६० रुपये होती. पहिल्याच दिवशी भाव सात टक्के खाली बंद झाला.

म्हणजे काय झाले? ज्या माणसाने समभाग नको म्हटले, त्याच्याच हप्त्यातून त्याच्या फंडाने तो घेतला. २०२५ च्या उत्तरार्धात हा भाव विक्रीच्या किमतीच्या वर गेला, हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. पण भाव पुढे चढला की पडला, हा माझा मुद्दाच नाही. ‘तुम्ही निवडा’ असे ज्याला सांगितले जाते, त्याने निवडलेलेही दुसऱ्याच्या हातून रद्द होते, हा मुद्दा आहे. २०२४ या वर्षात मुख्य बाजारातील प्राथमिक विक्रीतून सुमारे १ लाख ६० हजार कोटी रुपये गोळा झाले. त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम जुन्या भागधारकांनी आपले समभाग विकून खिशात घातली, कंपन्यांच्या उत्पादनात ती गेलीच नाही. तेजीच्या शिखरावर मालक विकतो आणि मजूर विकत घेतो, याला ‘भागभांडवलाचे लोकशाहीकरण’ असे नाव दिले जाते!

आता पहिल्या उपदेशकाला न्याय देऊ. पडत्या बाजारात हप्ता चालू ठेवला तर त्याच पैशात अधिक युनिटे मिळतात, आणि बाजार सावरला तर सरासरी खरेदी स्वस्तात पडते. हे गणित बिनचूक आहे. मार्च २०२५ नंतर निर्देशांक सावरला आणि ज्यांनी हप्ता मोडला नाही, त्यांचे नुकसान भरून निघाले. पण या गणितात दोन अटी दडलेल्या आहेत. पहिली, बाजार तुमच्या हयातीत, तुमच्या गरजेच्या वेळेपूर्वी सावरला पाहिजे. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ज्या पातळीला होता, ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षे! १९८९ मध्ये चाळिशीत असलेल्या जपानी कारकुनाचा धीर तोपर्यंत पंचाहत्तरीला आला असेल. ‘दीर्घ मुदतीत बाजार वरच जातो’ हे वाक्य छातीठोकपणे सांगणारे कोणत्या देशाच्या, कोणत्या दीर्घ मुदतीविषयी बोलतात, ते सांगत नाहीत.

दुसरी अट वर्गीय आहे. पडझडीत हप्ता चालू ठेवणे ज्याला परवडते, तोच तो चालू ठेवतो. बाजार आणि रोजगार बहुधा एकदमच आजारी पडतात. ज्या महिन्यात समभाग स्वस्त होतात, त्याच सुमारास कारखान्यातला जादा कामाचा भत्ता बंद होतो, कंत्राटाचे नूतनीकरण थांबते, मुलीची फी भरावयाची असते. त्या माणसाला युनिटे मोडावी लागतात आणि ती नेमकी तळाच्या भावाने. कायम नोकरीतल्या अधिकाऱ्याला धीर धरता येतो, कारण त्याच्यापाशी धीराचे भांडवल आहे. जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ५६ लाख नवी हप्ता-खाती उघडली गेली आणि ६१ लाख बंद झाली. मुदत संपलेली व केवळ कागदोपत्री मिटविलेली खाती त्यांत आहेत, हे धरूनही हा आकडा पुरेसा बोलका आहे. या माणसांना शिस्त नव्हती, असे म्हणणाऱ्याने त्यांच्या किराण्याची वही एकदा पाहावी.

फंडांच्या निवडीविषयी तर बोलावे तितके थोडे. केन्सने १९३६ मध्ये शेअरबाजाराची तुलना वृत्तपत्रांतील सौंदर्यस्पर्धेशी केली होती. त्या स्पर्धेत वाचकाने आपल्याला आवडलेला चेहरा निवडावयाचा नसतो. इतर वाचकांना कोणता आवडेल याचा अंदाज करावयाचा असतो. तीस वर्षे हा दाखला मी वर्गात दिला आणि मुले दरवर्षी हसली. आता ती मुले पन्नाशीत आहेत आणि कोणत्या फंडाने गेल्या वर्षी अधिक दिले, त्याच्या याद्या मला पाठवितात. गेल्या वर्षीचा पाऊस पाहून यंदाची पेरणी करणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. २०२४ च्या पूर्वार्धात सर्वाधिक पैसा कोठे गेला असेल, तर संरक्षण, उत्पादन, पायाभूत सोयी अशा एकेका क्षेत्राच्या योजनांत, म्हणजे जे आधीच महाग झाले होते तेथे. मार्च २०२४ मध्ये सेबीच्या तत्कालीन अध्यक्षांनी लहान कंपन्यांच्या समभागांत फुगवटा असल्याचा जाहीर इशारा दिला होता. तरी त्या योजनांचा ओघ थांबला नाही, आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत लहान कंपन्यांचा निर्देशांक शिखरापासून पाचव्या हिश्श्याहून अधिक घसरला.

आणि या सर्व काळात एक उत्पन्न मात्र अखंड चालू राहते, ते फंड चालविणाऱ्याचे. त्याचे शुल्क नफ्यावर नसते, जमा मालमत्तेवर असते. बाजार पडो वा चढो, ते रोज कापले जाते. एक टक्का म्हणजे किती, ते पाहा. दरमहा ५,००० रुपये वीस वर्षे भरले, तर भरणा होतो १२ लाखांचा. वार्षिक १२ टक्के वाढ धरली तर हाती सुमारे साडेएकोणपन्नास लाख येतील. ११ टक्के धरली तर सव्वात्रेचाळीस लाख. एका टक्क्याच्या फरकाने सहा लाखांहून अधिक गेले, म्हणजे आयुष्यभर भरलेल्या मुद्दलाच्या निम्मे. वितरकाचे कमिशन टाळणाऱ्या ‘डायरेक्ट’ योजना २०१३ पासून उपलब्ध आहेत. परंतु त्यांची माहिती देण्यात कोणाचेच कमिशन नसल्यामुळे ती कोणी आपणहून देत नाही.

येथपर्यंत दुसरा उपदेशक, म्हणजे आमचा कडवा साथी, मान डोलावीत असेल. आता त्याच्याकडे वळतो. हा माणूस बाजारात का गेला, याचे उत्तर त्याने द्यावे. पुन्हा ऑक्टोबर २०२४ च घ्या. बँकेच्या मुदत ठेवीवर त्या वेळी सुमारे सात टक्के व्याज मिळत होते. वीस टक्क्यांच्या कर-पायरीवरील माणसाच्या हाती त्यातले साडेपाच टक्के उरले. त्या महिन्यातील किरकोळ महागाईचा दर होता ६.२१ टक्के. म्हणजे सुरक्षित ठेव ठेवणारा माणूस दरवर्षी थोडा गरीब होत होता. उलट समभागांवरील दीर्घ मुदतीच्या नफ्यावर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पानंतरही साडेबारा टक्केच कर होता, आणि तोही सव्वा लाखाच्या सवलतीनंतर. शासनाने करांचा उतार बाजाराच्या दिशेने ठेवला आणि पाणी तिकडे वाहिले. पाण्याला लोभी म्हणण्यात काय हशील? शिवाय खुद्द केंद्रीय गृहमंत्र्यांनी मे २०२४ मध्ये, ऐन निवडणुकीत, ४ जूनपूर्वी समभाग घेण्याचा सल्ला मुलाखतीत दिला होता. ४ जून रोजी सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला. नंतर तो सावरलाही. पण सत्तेवरील मंत्र्याने दलालाची भाषा बोलावी, याचे आपल्या सार्वजनिक जीवनाला आता काही वाटेनासे झाले आहे.

सहकाराकडे जावे, असे कोणी म्हणेल. मी स्वतः ते अनेक वर्षे म्हणत आलो. परंतु सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना आरंभी फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली, ते दृश्य मुंबईकर विसरलेले नाहीत. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, बाजार कोसळत असतानाच, न्यू इंडिया सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. १२२ कोटींच्या अफरातफरीचा गुन्हा नोंदविला गेला. ही बँक कोणाची? जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये ‘बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक’ म्हणून उभी राहिलेली. कामगाराने सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून समाजवाद्यांनी काढलेली बँक त्या वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली. ठेवीदार कोठे जावेत, याचे उत्तर देण्याचा नैतिक अधिकार आपण असा गमावतो, आणि मग फंडाच्या वितरकाला नावे ठेवतो.

निवृत्तिवेतनाचे काय झाले, ते तर सर्वांना ठाऊक आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्यसेवेत आलेल्यांचे निश्चित निवृत्तिवेतन गेले आणि त्यांचे म्हातारपण बाजाराच्या निर्देशांकाला बांधले गेले. मार्च २०२३ चा आठवडाभराचा संप त्याविरुद्ध होता. खाजगी क्षेत्रातील कामगारांच्या ईपीएस-९५ योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये महिना एक हजार रुपये ठरले आणि पुढील दहा वर्षे त्यात एका रुपयाचीही भर पडली नाही. बुलढाण्यात म्हातारी माणसे त्यासाठी वर्षानुवर्षे साखळी उपोषणाला बसली. एक हजार रुपयांवर जगणे अशक्य आहे, हे ज्याला आपल्या वडिलांकडे पाहून कळले, तो तरुण फंडाच्या कचेरीत जाणारच. तो सट्टेबाज नव्हे. शासनाने आणि मालकाने अंगावरून झटकलेली जोखीम त्याने निरुपायाने पाठीवर घेतली आहे.

यावर कोणी म्हणेल, सरकारी संस्था तरी कोठे धुतल्या तांदळासारख्या होत्या? नव्हत्याच. युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ योजनेचा इतिहास मी झाकू इच्छीत नाही. एप्रिल-मे २००१ मध्ये बड्या कंपन्यांनी आपले हजारो कोटी रुपये तेथून काढून घेतले आणि जुलैच्या आरंभी, सामान्यांची पाळी आली तेव्हा, सहा महिन्यांसाठी दार बंद झाले. युनिटाचे खरे मूल्य सहा रुपयांच्याही खाली गेले होते. पडत्या बाजारात कोण आधी बाहेर पडतो, याचा याहून स्वच्छ दाखला नाही. पण पुढे काय झाले, तेही पाहा. संस्था सार्वजनिक होती, म्हणून संयुक्त संसदीय समितीने तिची चौकशी केली, संसदेत अर्थमंत्र्यांना उत्तरे द्यावी लागली, आणि अखेर २००३ मध्ये लहान युनिटधारकाला पाच हजार युनिटांपर्यंत प्रत्येकी बारा रुपये, त्यावरील युनिटांना दहा रुपये देण्याची जबाबदारी सरकारने घेतली. खाजगी फंडातील पडझडीचे उत्तर कोणत्या सभागृहात मागावयाचे?

एका अभ्यासवर्गात एका कार्यकर्त्याने मला दबक्या आवाजात विचारले होते, “सर, माझा दोन हजारांचा हप्ता आहे. थांबवू का?” मी त्याला सांगितले ते येथे लिहितो. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, तोही ठेवविम्याच्या पाच लाखांच्या मर्यादेत, नसेल तर हप्ता आजच थांबव. असेल आणि ती रक्कम दहा वर्षे लागणार नसेल, तर पडत्या बाजारात मोडण्यात शहाणपण नाही. मात्र वितरकाविना घ्यावयाचा, कमीत कमी शुल्काचा साधा निर्देशांक फंड घे, आणि एकेका क्षेत्राच्या योजनांच्या वाटेला जाऊ नको. कर्ज काढून तर मुळीच नको. यात क्रांती नाही, हे मला कळते; पण ‘भोग आपल्या कर्माची फळे’ यातही ती नव्हती.

परंतु पक्षाचे काम असा सल्ला देण्यावर संपत नाही. ज्येष्ठ नागरिकाच्या व लहान ठेवीदाराच्या ठराविक मर्यादेपर्यंतच्या ठेवींवर महागाईहून कमी व्याज मिळू नये, ही मागणी आपल्या कोणत्या जाहीरनाम्यात ठळकपणे आली? फंडाच्या विश्वस्तांची नेमणूक फंड काढणारी कंपनीच करते. कोट्यवधी युनिटधारकांचा एकही निवडलेला प्रतिनिधी तेथे नसतो, याविरुद्ध आपण एक तरी निवेदन दिले का? प्रत्येक फंडाने दरमहा सांगावे की त्या महिन्यात त्याने जे घेतले, त्यातले किती प्रवर्तकांनी विकलेले होते. ही माहिती गोळा करणे आजच्या काळात अवघड नाही.

आणि एक जागा अशी आहे, जेथे आपल्याला विचारण्याचा अधिकार आजही आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा पैसा ऑगस्ट २०१५ पासून शेअरबाजारात जाऊ लागला. आरंभी नव्या जमेच्या पाच टक्के, पुढे पंधरा टक्क्यांपर्यंत. त्यातला काही पैसा सार्वजनिक उद्योगांच्या समभागांचे जे फंड सरकारने निर्गुंतवणुकीसाठी काढले, त्यांत गेला. म्हणजे सरकारने सार्वजनिक मालमत्ता विकावी आणि कामगाराने आपल्या म्हातारपणाच्या पुंजीतून ती विकत घ्यावी. या निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर कामगार संघटनांचे प्रतिनिधी बसतात. २०१५ मध्ये त्यांनी विरोध नोंदविला होता. ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ या महिन्यांत निधीने कोणत्या भावाने किती खरेदी केली, समोरचा विक्रेता कोण होता, आणि त्या खरेदीतला तोटा झालाच तर तो कोणाच्या व्याजदरातून वळता होणार, एवढे तीन प्रश्न मंडळाच्या बैठकीपूर्वी लेखी देण्याचे काम आपल्या संघटनांनी कोणावर तरी सोपवावे.